जुना योटुल ११८ घरात बसवतोय : प्रकल्पाच्या नोंदी, न्यू हॅम्पशायर २०२४

१५ जून २०२४, शनिवार

लाकडावर चालणारा स्टोव्ह आला एकदाचा घरी. योटुल ११८, नॉर्वेचा, काळा, बिडाचा, लांबट पेटी आणि खाली चार पाय, वजन असं की पिकअपमधून गराजमध्ये उतरवायला तिघं लागलो आणि तरी वाटेत टेकवावा लागला. पलीकडच्या गावातल्या एका आजोबांकडून साडेतीनशे डॉलरला घेतला. १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं, हीटिंग ऑइलचे भाव चढले, आणि मग न्यू इंग्लंडमध्ये (ईशान्येकडची सहा राज्यं, आमचं त्यातलंच) घरोघरी लाकडाचे स्टोव्ह आले, हा त्याच लाटेतला. योटुल ही कंपनी मात्र १८५३ पासूनची आहे, त्यांचं इथलं ऑफिस शेजारच्या मेन राज्यात आहे, म्हणजे पार्ट मिळायची सोय आहे, हे आधी बघूनच घेतला.

बाजूच्या प्लेटवर लाकूडतोड्यांचं चित्र ओतकामातच उठवलेलं आहे आणि नॉर्वेजियन ओळी आहेत, त्यांचा अर्थ साधारण असा की रात्री उशिरा मी माझा विस्तव पुरून ठेवतो, दिवस सरला, देवा माझा विस्तव कधी विझू नये. आमची आजी कराडजवळच्या गावात रोज रात्री हेच करायची, निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी त्याच विस्तवावर फुंकणी मारून चहा. ते वाचल्यावर आजोबांशी घासाघीस करावीशीच वाटली नाही.

हा उपद्व्याप कशासाठी ते लिहून ठेवतो. आमच्याकडे ऑइलचा बॉयलर आहे, टाकीत अडीचशे गॅलन तेल असलं तरी वीज गेली की बर्नर बंद, पंप बंद, घर गार. डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्ममध्ये (गोठणाऱ्या पावसाच्या वादळात) या राज्यात चार लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती, काही घरांना दोन आठवडे नव्हती, गावातली माणसं अजून त्याबद्दल बोलतात. घरात दोन लहान मुलं आणि हिवाळ्यात महिनाभर येणारे आईबाबा असताना मला विजेशिवाय चालणारी एक तरी ऊब पाहिजे.

१६ जून, रविवार

नवीन का नाही घेतला हे तिघाचौघांनी विचारलं म्हणून. नवीन चांगलाच असतो, त्यात वाद नाही. अमेरिकेत ईपीएचा (सरकारी पर्यावरण संस्थेचा) पहिला नियम १९८८ ला आला, आणि २०२० पासून नव्या स्टोव्हला तासाला २ ग्रॅमच धूर सोडायची परवानगी आहे (खऱ्या सरपणावर टेस्ट केली तर अडीच). माझ्यासारखे जुने तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडतात असं ईपीएच सांगते. वॉशिंग्टन राज्यात असा बिनसर्टिफिकेटचा स्टोव्ह बसवताच येत नाही, ओरेगनमध्ये घर विकताना काढून टाकावा लागतो. इथे आमच्या गावात चालतो, पण परमिट घ्यावं लागतं. मी विचार करून जुना घेतला कारण सगळा पैसा चिमणीत घालायचा ठरवलंय. बजेट ठरलेलं असेल तर आधी चिमणी नीट करावी आणि स्टोव्ह नंतर कधीही बदलावा, उलटं करू नये, कारण नवा कोरा स्टोव्ह खराब चिमणीला जोडला तर तोही धूरच करणार आणि वर घर जाळायची भीती. पाचसहा वर्षांनी नवा घेतला तरी आत्ता केलेलं सगळं काम तसंच्या तसं वापरता येईल. आणि शेजारचं घर बरंच लांब आहे, झाडी आहे मध्ये, नाहीतर मी हा घेतला नसता.

१८ जून

फायर डिपार्टमेंटला फोन केला, फॉर्म मिळाला. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवलं, ते म्हणाले बसवून झाल्यावर फोटो आणि इन्स्पेक्शनचा कागद पाठवा, प्रीमियम थोडा वाढेल. वाढू दे. न सांगता बसवला आणि उद्या काही झालं तर क्लेम कोण देणार.

२२ जून, शनिवार

चिमणीवाला आला, कॅमेरा घेऊन. स्टोव्ह बदलताना किंवा नवीन जोडताना चिमणी आतून पूर्ण बघायचीच असा नियमच आहे (एनएफपीए २११, आगीपासून सुरक्षेच्या नियमांचं पुस्तक, इथे सगळे हेच धरून चालतात).

घर १९५० च्या दशकातलं, केप टाइपचं, म्हणजे उतरत्या छपराचं लहान घर. विटांची चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे, आत दोन फ्लू (धूर वर जायचे मार्ग), एकात ऑइल बॉयलर, दुसरा रिकामा आणि हॉलमध्ये त्याच्या तोंडावर पत्र्याची गोल झाकणी. स्टोव्ह बॉयलरच्याच फ्लूला जोडू का असं मला एका नातेवाइकाने विचारलं होतं, अजिबात नाही, लाकडाला स्वतःचा वेगळा फ्लू पाहिजे.

कॅमेऱ्यात दिसलं की फ्लूला आतून असलेल्या टाइलपैकी वरून तिसऱ्या की चौथ्या टाइलला उभी चीर आहे आणि दोन सांध्यांमधला मसाला झडून गेलाय. म्हणजे लायनर (फ्लूच्या आत घालायची नवी नळी) आलाच. पण त्याने एक हिशोब सांगितला तो मला फार आवडला, टाइल धड असती तरी लायनर घालायलाच लागला असता. स्टोव्हचा पाइप ६ इंची, त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. फ्लू आतून ७ बाय ११, म्हणजे ७७, पावणेतीन पट. चिमणी घराच्या आत असेल तर तीन पटीपर्यंत चालतं, पण एक जरी बाजू बाहेर उघडी असेल तर दोनच पट. आमची बाहेर आहे, नापास.

कारण सोपं आहे. धूर पाइपातून गरम गरम येतो आणि एकदम मोठ्या गार जागेत शिरला की मंदावतो, गार होतो, आणि त्यातली डांबराची वाफ भिंतीवर बसते. तेच क्रिओसोट. आपल्याकडच्या चुलीवरच्या काजळीपेक्षा हे वेगळं प्रकरण आहे, काजळी भुरभुरीत असते, हे वाळलं की काचेसारखं चकचकीत आणि कडक होतं आणि पेटलं तर चिमणीत हजार सेल्सिअसच्या वर तापमान जातं. बिडाची पेटी कितीही मजबूत असो, आग तिच्यात लागत नाही, वर लागते.

कोटेशन : सगळ्या टाइल आतून फोडून काढायच्या, ६ इंची स्टेनलेसचा लायनर, त्याला अर्धा इंच इन्सुलेशनचं पांघरूण, वर जाळीचं टोपण. चार हजारांच्या थोडं वर. टाइल न फोडता का नाही, तर ६ इंच लायनर आणि दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच म्हणजे सात झाले आणि जागा सातच, खाली उतरणारच नाही. इन्सुलेशन काढून टाकू म्हणजे स्वस्तात होईल असं दुसऱ्या एकाने फोनवर सांगितलं होतं, त्याला नाही म्हणालो. बाहेरच्या चिमणीला इन्सुलेशन नाही दिलं तर मग लायनर घालून काय मिळवलं.

तारीख ऑक्टोबरची मिळाली, सगळे उन्हाळ्यातच नंबर लावतात.

२९ जून, शनिवार

सरपण. दोन कॉर्ड अॅश (इथलं एक झाड) घेतलं. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट बाय ४ फूट बाय ८ फूट रचलेला ढीग, १२८ घनफूट, ट्रकमधून नुसतं ओतलं तर कळत नाही म्हणून रचून मोजायचं. अॅशला इथे वाईट दिवस आलेत, एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा किडा २०१३ ला या राज्यात सापडला आणि तेव्हापासून झाडं उभ्या उभ्या मरतायत. हे लाकूड त्याच मेलेल्या झाडांचं आहे, गावातलंच. बाहेरच्या राज्यातून उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे, किडा लाकडातूनच फिरतो.

अॅशचं बरं असं की ओलं असतानाच त्यात पाणी कमी असतं आणि सरळ फुटतं, कुऱ्हाडीच्या एका घावात दोन ढलप्या. ओक घेतला असता तर दोन उन्हाळे वाट बघावी लागली असती. ओंडका मधून फोडून आतल्या ताज्या बाजूला ओलावा मोजायचा मीटर लावला, २६ टक्के. पाहिजे २० च्या आत. बाहेरच्या टोकाला मीटर लावून १५ दाखवतात आणि विकतात, त्याला काही अर्थ नाही.

दक्षिणेकडच्या कुंपणाला पॅलेटवर एकेरी रांगेत रचलं, वरून फक्त माथ्यावर ताडपत्री, बाजू उघड्या. वारा लागला पाहिजे.

१३ जुलै, शनिवार

आज जे दिसलं ते नीट लिहायचंय.

हॉलमधली पत्र्याची झाकणी काढली. मागे मातीची नळी भिंतीतून चिमणीत जाते, तिला इथे थिंबल म्हणतात. भिंत लाकडी सांगाड्याची, वरून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते). नियम असा की लाकडी भिंतीतून अशी नळी जात असेल तर तिच्याभोवती चारही बाजूंनी १२ इंच विटांचं काम पाहिजे, कुठलंही लाकूड त्याच्या आत नको. मला ते बघायचं होतं म्हणून ड्रायवॉल कापली. विटा कुठल्या, नळीभोवती नुसता सिमेंटचा लेप, आणि डाव्या बाजूचा उभा स्टड (सांगाड्याचं लाकूड) नळीपासून जेमतेम तीन इंचावर. त्याची नळीकडची बाजू काळी. आधी वाटलं जुनी काजळी असेल, बोटाने पुसली तर निघेना, मग नख दाबलं तर नख आत गेलं आणि चौकोनी चौकोनी भेगा पडलेला कोळसा सुटून हातात आला. पाऊण इंच खोलपर्यंत स्टड कोळसाच झाला होता, त्याच्या मागे चॉकलेटी, आणि मग कुठे पाइनचा पिवळा रंग.

इथे आधी कुणीतरी बरीच वर्षं स्टोव्ह वापरलाय. लाकूड पेटायला एरवी खूप तापमान लागतं, पण वर्षानुवर्षं शेकत राहिलं की ते आतून बदलत जातं आणि बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं, उलट दरवर्षी धोका वाढतच असतो, आणि वरून ड्रायवॉल रंगवलेली, स्वच्छ, कुणाला काही कळायचं कारण नाही. आम्ही चार वर्षं याच भिंतीला सोफा लावून बसतोय.

संध्याकाळी साताऱ्याला फोन झाला तेव्हा बाबांना व्हिडिओवर दाखवलं.

"अरे हे पेटलं कसं नाही इतके दिवस?"

"पेटायच्या बेतातच होतं बाबा. मधल्या मालकांनी स्टोव्ह काढला म्हणून राहिलं."

"मग तू आता त्या भोकात परत जोडणार?"

"नाही हो, सगळं कापून काढणार. विटा घालणार."

"गवंडी चांगला बघ. पैशाकडे बघू नको यात." आणि मग आईने फोन घेतला आणि मुलांना त्या खोलीत झोपवू नको म्हणाली, स्टोव्ह अजून गराजमध्ये आहे हे सांगूनसुद्धा.

ज्यांच्या घरात जुनं थिंबल आहे त्यांनी कृपा करून भिंत उघडून बघावी. एक चौरस फूट ड्रायवॉल परत लावायला शंभर डॉलरपण लागत नाहीत.

२७ जुलै

जळके स्टड कापले, दोन्ही बाजूंना नवे, वर हेडर (आडवं लाकूड). गवंड्याने दोन दिवसांत नळीभोवती १२ इंच विटांचा चौकोन बांधला, नवी नळी बसवली. काम सुरेख आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

जमीन. माझा स्टोव्ह कुठल्या लॅबने तपासून लेबल लावलेला नाही, त्यामुळे त्याला सगळ्यात कडक नियम. खाली पाइनच्या फळ्या आहेत. पायांची उंची ६ इंचांपेक्षा जास्त असल्यामुळे दोन इंच जाडीचे सलग दगडी ठोकळे आणि त्याबरोबर २४ गेजचा (गेज म्हणजे जाडीचं माप) पत्रा एवढ्यावर भागतं, पाय आखूड असते तर पोकळ विटांचा वेगळा थर करावा लागला असता. हा ओटा स्टोव्हच्या चारही बाजूंना १८ इंच बाहेर पाहिजे, म्हणून साधारण साडेपाच बाय सव्वाचार फूट झाला. आधी पत्रा, वर काँक्रीटचे दोन इंची पेव्हर घट्ट बसवून, त्यावर स्लेट. एवढं वजन होतं म्हणून आधी बेसमेंटमध्ये जॉइस्टखाली (जमिनीखालच्या तुळयांखाली) आडवा बीम आणि दोन जॅक पोस्ट (टेकूचे खांब) दिले.

११ ऑगस्ट, रविवार

भिंत. लेबल नसलेल्या स्टोव्हपासून जळू शकणाऱ्या कुठल्याही गोष्टीपर्यंत ३६ इंच अंतर. ड्रायवॉल स्वतः फारशी जळत नाही पण तिच्या मागे लाकूड आहे म्हणून तीही जळणाऱ्यातच धरायची, हे पुष्कळ जणांना पटत नाही. आणि भिंतीला शोभेच्या विटा किंवा टाइल चिकटवल्या म्हणजे संरक्षण झालं हा तर सगळीकडचा समज आहे, वीट उष्णता मागे पोचवतेच, जरा उशिरा पोचवते एवढंच. संरक्षण करते ती मधली हवा. २४ गेजचा पत्रा भिंतीपासून एक इंच पुढे उभा केला, खालून आणि वरून फट उघडी ठेवली की गार हवा खालून शिरते, तापून वरून निघते आणि भिंत गार राहते. एवढ्या साध्या गोष्टीने ३६ चे १२ इंच होतात. मी १६ ठेवले, खोलीत तेवढी जागा आहे.

स्क्रूच्या मागे स्पेसर म्हणून तांब्याच्या पाइपाचे एक इंची तुकडे कापून घातले. स्टोव्हच्या बरोबर मागे येईल तिथे एकही स्क्रू घेतला नाही, कारण स्क्रू हा उष्णतेचा पूलच असतो.

१७ ऑगस्ट ते २५ ऑगस्ट

स्टोव्ह उघडला. गंजलेल्या बोल्टांना तीन दिवस तेल पाजून ठेवलं तेव्हा सुटले, एक मात्र कापावाच लागला. दाराच्या खोबणीतला जुना दोर काढताना आधी पाण्याने भिजवला, रेस्पिरेटर आणि हातमोजे घालून काढला, दोन पिशव्यांत बांधला, त्या काळच्या दोऱ्यांत अॅस्बेस्टॉस असायचं. मुलांना त्या दिवशी गराजकडे फिरकू दिलं नाही.

आतून रचना बघण्यासारखी आहे. खाली जाळी नाही, राखेचा खण नाही, तळाला इंचभर राख मुद्दाम ठेवायची आणि त्यावरच जाळ करायचा. ओंडके लांबीत आत सरकवायचे आणि ते दाराकडून मागे मागे जळत जातात, विडीसारखे. वर आडवी बिडाची फळी आहे, धुराला सरळ मागे पळता येत नाही, आधी पुढे यायचं, फळीवरून वळसा घ्यायचा आणि मग मागे जाऊन पाइपात, तेवढ्या वेळात उष्णता बिडाला देऊन जायची. पंखा नाही, थर्मोस्टॅट नाही, दारातल्या हवेच्या झडपेवर सगळं.

आतल्या बाजूच्या दोन प्लेटा झिजायसाठीच असतात, डावी फुटलेली होती, ती नवी मिळाली. आडव्या फळीवर पट्टी ठेवून बघितली, जवळजवळ सरळ आहे. बाकी प्रत्येक प्लेट दोरीला टांगून लाकडी हातोड्याने वाजवली, चीर असेल तर आवाज बद्द येतो. सगळ्या खणखणीत वाजल्या, धाकट्याने प्रत्येक प्लेट परत परत वाजवून घेतली.

सांध्यांमधलं जुनं फर्नेस सिमेंट (उष्णता सोसणारं) पटाशीने खरवडून काढायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला. नवीन भरताना खोबण ओली करून घ्यायची, नाहीतर सिमेंट धरत नाही. जोडल्यावर रात्री गराजचे दिवे बंद करून आत पेटता बल्ब ठेवला आणि चारी बाजूंनी फिरलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, खालून वितभर वर, केसासारखी एक उजेडाची रेघ दिसली. तिथे परत सिमेंट दाबलं, बोटाने पुसलं, परत दिवा. अंधार. जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवा आत जाते, आणि अशी चोरटी हवा गेली की झडप बंद केली तरी जाळ ऐकत नाही.

दाराला नवा दोर. डॉलरची नोट दारात पकडून दार लावायचं आणि ओढायची, सुटून आली तर तिथे सील नाही. चारी बाजूंनी अडकली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. हॉलमधल्या अर्धवट भिंतीसमोर बायकोने आईची जुनी इरकल लावली आणि ओट्यावरच मखर मांडलं, इतकी सपाट आणि मजबूत जागा घरात दुसरी नाही. विसर्जनापर्यंत काम बंद.

५ ऑक्टोबर, शनिवार

लायनर आत गेला. टाइल फोडायला वरून फिरणारं यंत्र सोडतात, दोन तास घरभर गडगडाट, खाली बादल्याच बादल्या तुकडे. मग पांघरलेला लायनर छपरावरून खाली, थिंबलपाशी टी (इंग्रजी T सारखा जोड) जोडलं, वर टोपण. चिमणी छपरातून निघते तिथून तीन फूट वर आणि दहा फुटांत जे काही असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर पाहिजे, आमची बसते नियमात.

१२ ऑक्टोबर, दसरा

स्टोव्ह चौघांनी उचलून ओट्यावर ठेवला. पाइप जोडला. २४ गेज, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, चिमणीकडे जाताना फुटाला पाव इंच चढ, एकच एल्बो. पाइपाचं चुण्या असलेलं टोक खाली स्टोव्हकडे तोंड करून बसवायचं. दिसायला उलटं वाटतं, धूर बाहेर येईल असं वाटतं, पण पाइपात ओढ असते त्यामुळे धूर बाहेर येत नाही, आणि वरून क्रिओसोट ओघळलं तर ते आतल्या आत राहून स्टोव्हमध्ये येतं, पाइपावरून बाहेर गळत नाही.

कुऱ्हाड, करवत, हातोडा, मीटर आणि स्टोव्ह, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आपट्याची पानं इथे नाहीत, मेपलची दिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

फायर डिपार्टमेंटचे इन्स्पेक्टर आले. टेप घेऊन सगळी अंतरं मोजली, भिंतीमागच्या विटकामाचे फोटो मागितले (काढून ठेवले होते, प्रत्येकाने ठेवावेत, झाकल्यावर कोण दाखवणार), धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वाजवून बघितले, राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा आहे का विचारलं. राख घराबाहेर, लाकडी डेकवर नाही, तिच्यात निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. सही झाली.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिला जाळ, अगदी छोटा, नुसत्या काटक्या. सिमेंट ओलं असताना जोरात तापवलं तर त्याला फोड येतात, म्हणून तीन वेळा छोटा जाळ करून प्रत्येक वेळी पूर्ण गार होऊ द्यायचं. रंगाचा वास येतो, खिडक्या उघड्या. चिमणीने लगेच ओढलं, दार उघडं असतानाही खोलीत धूर नाही. लायनरचे चार हजार कुठे गेले ते तिथे दिसलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आता रोज संध्याकाळी पेटतो. पाइपाला लोहचुंबकाचं थर्मामीटर लावलंय, २५० ते ४७५ फॅरनहाइटमध्ये ठेवायचं, खाली गेलं तर क्रिओसोट, वर गेलं तर उष्णता फुकट आणि धोका. माझा अनुभव असा बनतोय की थोडं सरपण आणि जोरदार जाळ हेच बरं. रात्रभर टिकावं म्हणून दार भरून सरपण कोंबायचं आणि झडप बंद करायची ही जुन्या स्टोव्हची सगळ्यात वाईट सवय, तेव्हाच तो सगळ्यात जास्त धूर ओकतो. बाहेर जाऊन टोपणाकडे बघायचं, पेटल्यानंतर पंधरावीस मिनिटांनी नुसती हवा थरथरताना दिसली पाहिजे, धूर नाही.

सरपण आता १८ टक्क्यांवर आलंय. किचनमधला मोठा एक्झॉस्ट लावला की स्टोव्हची ओढ कमी होते हे लक्षात आलं, फोडणी देताना खिडकी बोटभर उघडतो.

तेलाचा हिशोब : अॅशच्या एका कॉर्डमध्ये साधारण २.४ कोटी बीटीयू (उष्णतेचं माप), जुन्या स्टोव्हची कार्यक्षमता निम्मी धरली तर १.२ कोटी घरात. तेलाच्या गॅलनमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू, बॉयलर ८५ टक्क्यांचा, म्हणजे १,१८,०००च्या आसपास. एक कॉर्ड बरोबर साधारण शंभर गॅलन तेल. पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील, मी पैशासाठी केलेलंही नाही.

७ डिसेंबर, शनिवार

मुद्दाम परीक्षा घेतली. सकाळी सातला बॉयलरचा ब्रेकर पाडला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घर फक्त स्टोव्हवर. रात्री बाहेर १२ फॅरनहाइट, म्हणजे उणे ११ सेल्सिअस. हॉलमध्ये २३ सेल्सिअस, किचन १९, वरच्या आमच्या खोलीत दार उघडं ठेवून १६. उत्तरेकडच्या बाथरूममध्ये पहाटे ८, तिथल्या भिंतीतले पाण्याचे पाइप हीच माझी काळजी होती आणि आहे. वीज खरंच गेली तर त्या बाथरूमचं पाणी तोडून पाइप रिकामे करता यावेत म्हणून वेगळा व्हॉल्व्ह बसवणार. रात्री दोनला आणि पाचला उठून सरपण घातलं, निखारे पुढे ओढायचे, दोन ढलप्या, पाच मिनिटं झडप उघडी, परत अर्धी. बाबा येऊन पोचलेत, दोनच्या फेरीला तेही उठले आणि मला न विचारता चिमट्याने निखारे बरोबर पुढे ओढले. म्हणाले, "तू जा झोप, पाचचं मी बघतो." पाचला मी उठलोच, पण जाळ तयार होता.

स्टोव्हवर खिचडी झाली, वरची सपाट प्लेट कुकरला पुरते. चपातीला मात्र ती कमी तापते.

२८ डिसेंबर, शनिवार

चिमणीवाल्याने सांगितलं होतं की पहिल्या वर्षी दोन महिन्यांनी बघाच. स्टोव्ह दोन दिवस गार ठेवून पाइप उतरवला, खालून ब्रश घातला. निघालं ते कपभरसुद्धा नाही, तपकिरी आणि भुरभुरीत, चकचकीत काही नाही. एल्बोमध्ये जरा जास्त होतं. भिंतीवरच्या पत्र्यामागे, नवीन स्टडपाशी, प्रोब टाकून मोजलं, स्टोव्ह पूर्ण तापलेला असताना ३१ सेल्सिअस. त्या आकड्यासाठीच जुलैपासून धडपड चालली होती.

पुढची कामं : बाथरूमचा व्हॉल्व्ह, फेब्रुवारीच्या शेवटी परत ब्रश, दाराचा दोर मार्चमध्ये बदलायचा का बघणे. पुढच्या हिवाळ्याचं सरपण आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी एक कॉर्ड अॅश आणि एक ओक, ओक २०२६ साठी.